बाराव्या खेळाडूची नोंद

१९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यावरील भारतीय संघाची यादी बारकाईने वाचली, तर तिच्यात दक्षिण मुंबईचा एक छोटा नकाशा दडलेला सापडतो. कर्णधार अजित वाडेकर हे एल्फिन्स्टन कॉलेजचे विद्यार्थी. किंग्स्टनच्या पहिल्या कसोटीत संघाची ५ बाद ७५ अशी दैना झाली असताना २१२ धावा करणारे दिलीप सरदेसाई विल्सन कॉलेजचे. दुसऱ्या कसोटीत पदार्पण करून पुढच्या चार कसोटींत ७७४ धावांची रास रचणारे सुनील गावसकर सेंट झेवियर्सचे. वाडेकरांकडे कर्णधारपद ज्यांच्या निर्णायक मताने आले, ते निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट सिडनहॅमचे.

त्या दौऱ्यावर पुस्तके निघाली, गाणी रचली गेली, विमानतळावरच्या स्वागताची छायाचित्रे आजही फिरतात. त्या चार महाविद्यालयांच्या संघांबद्दल मात्र सहसा एकच वाक्य लिहिले जाते: अमुक खेळाडू अमुक कॉलेजात शिकला. कॉलेज म्हणजे चरित्रातला एक पत्ता, तिकीट काढण्यापूर्वीचे एक स्थानक. या धाग्याचा आक्षेप नेमका याच सवयीला आहे. तो ज्यांच्या वतीने घ्यायचा, ती गावे त्या नकाशापासून बरीच लांब आहेत. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर. आणि खेळही क्रिकेट नव्हे, सॉफ्टबॉल. तिथवर पोहोचण्यासाठी आधी एका बसमध्ये चढावे लागेल.

वाडेकर पुढे अनेकदा सांगत असलेली ही हकिगत आहे. घरच्यांची इच्छा मुलाने गणितात चमकावे, इंजिनिअर व्हावे अशी होती. १९५० चे दशक संपत आलेले. कॉलेजला नेणाऱ्या बसमध्ये त्यांच्यासोबत असत बाळू गुप्ते, थोर फिरकी गोलंदाज सुभाष गुप्ते यांचे धाकटे बंधू आणि एल्फिन्स्टनच्या संघातले वरच्या वर्गाचे खेळाडू. बाळूंनी विचारले, संघाला बारावा खेळाडू हवा आहे, येशील का? दिवसाला ३ रुपये मिळतील. त्या काळच्या विद्यार्थ्याच्या खिशाला ३ रुपये ही किरकोळ रक्कम नव्हती. वाडेकर गेले, ते पाणी देण्यासाठी आणि राखीव क्षेत्ररक्षक म्हणून. बाकीचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे.

ठाऊक असलेला भाग क्षणभर बाजूला ठेवून त्या प्रसंगाची रचना पाहावी. बारावा खेळाडू मैदानावर असावा, असा नियम किंवा निदान रिवाज कॉलेजने पाळलेला होता. त्यासाठी भत्त्याची तरतूद कुणीतरी जिमखान्याच्या हिशेबात केली होती. वरच्या वर्गातला कसोटीच्या वाटेवरचा गोलंदाज खालच्या वर्गातल्या मुलाशी बसमध्ये बोलत होता. या तीनपैकी एकही गोष्ट वाडेकरांच्या प्रतिभेची नाही, सगळ्या कॉलेजच्या आहेत. प्रतिभा नंतर दिसली. आधी जागा रिकामी होती आणि ती भरण्याची व्यवस्था होती.

सरदेसाईंची कथा याहून बोलकी आहे. त्यांचा जन्म १९४० चा, मडगावचा. तेव्हा गोव्यात पोर्तुगीज सत्ता होती आणि मुंबईसारखी संघटित क्रिकेटची शिडी तिथे नव्हती. १९५७ मध्ये कुटुंब मुंबईला आले तेव्हा दिलीप १७ वर्षांचे होते. मुंबईच्या शालेय स्पर्धांत नाव कमावण्याचे वय निघून गेले होते. गिरगाव चौपाटीसमोरच्या विल्सन कॉलेजात त्यांची फलंदाजी प्रशिक्षक मन्या नाईक यांच्या नजरेत भरली. १९५९-६० च्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत या मुलाने ८७ च्या सरासरीने ४३५ धावा केल्या. शाळा, क्लब, ओळखी यांपैकी कशाचाही आधार नसलेल्या, उशिरा आलेल्या मुलासाठी कॉलेज हाच एकमेव दरवाजा होता. किंग्स्टनच्या २१२ धावांचे श्रेय वाटायचे झाले, तर त्यातला एक वाटा मन्या नाईकांचा निघतो. मराठी क्रीडाप्रेमींपैकी किती जणांना हे नाव माहीत आहे?

ज्या स्पर्धेत सरदेसाई चमकले ती रोहिंटन बारिया करंडकाची. १९३५-३६ पासून भारतातल्या विद्यापीठांचे संघ तिच्यासाठी लढत आले. एका पारशी पित्याने आपल्या दिवंगत मुलाच्या स्मरणार्थ दिलेला हा करंडक. या स्पर्धेत वाडेकरांची ३२४ धावांची खेळी विक्रम ठरली होती. गावसकरांनी ३२७ धावा करून तो मोडला. दोन मुंबईकर, एकाच विद्यापीठाचे, तीन धावांच्या फरकाने एकमेकांच्या मागेपुढे. थोड्याच काळात ते एकाच कसोटी संघात कर्णधार आणि सलामीवीर म्हणून उभे राहतात. विद्यापीठ क्रिकेटची नोंदवही जपली गेली म्हणूनच हा तीन धावांचा फरक आज सांगता येतो. नोंदवहीचे मोल काय असते, हे यावरून ध्यानात यावे.

त्याच १९७१ च्या संघात एकनाथ सोलकरही होते. हिंदू जिमखान्याच्या मैदानाची निगा राखणाऱ्या माळ्याचा हा मुलगा. किंग्स्टनला सरदेसाईंच्या जोडीला उभे राहून त्याने ६१ धावा केल्या. मैदान राखणारा माणूस संघाच्या इतिहासात येतो तो फक्त त्याचा मुलगा भारतासाठी खेळला तर. एरवी नाही.

आता दक्षिण मुंबईचे मैदान सोडून मध्य रेल्वेची कर्जतच्या दिशेची लोकल पकडू. कल्याणनंतर विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. मुंबईच्या टर्मिनसपासून बदलापूर सुमारे ६८ किलोमीटर. या पट्ट्यातली महाविद्यालये मुंबई विद्यापीठाचीच. म्हणजे कागदावर इथला विद्यार्थी आणि एल्फिन्स्टनचा विद्यार्थी एकाच क्रीडापरंपरेचे वारस. वस्तुस्थितीत एकाच्या दाराशी ओव्हल, क्रॉस आणि आझाद मैदान, तर दुसऱ्याच्या दाराशी गर्दी.

उल्हासनगरच्या भूगोलाचा इतिहास इथे थोडा सविस्तर सांगायला हवा, कारण विद्यापीठाशी असलेले या गावाचे नाते वाटते त्याहून जुने आणि वेदनादायक आहे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीत १९४७ नंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना वसवले गेले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि जवळून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून गावाला नाव मिळाले. बराकींचे क्रमांक मात्र गेले नाहीत. आजही पत्ता सांगताना माणसे कॅम्प नंबर सांगतात.

जी माणसे आली त्यांच्यातल्या शिकलेल्यांकडे पदवी कुणाची होती? बहुतेकांकडे मुंबई विद्यापीठाची. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचा भाग होता आणि इलाखा वेगळा झाल्यावरही तिथली महाविद्यालये मुंबई विद्यापीठाला जोडलेलीच राहिली. १८८७ मध्ये स्थापन झालेले कराचीचे डी. जे. सिंध कॉलेज त्यांतले सर्वांत नामांकित. सिंधचे स्वतंत्र विद्यापीठ झाले ते थेट १९४७ मध्ये, फाळणीच्या काही महिने आधी. हैदराबाद सिंधच्या नॅशनल कॉलेजचे प्राचार्य के. एम. कुंदनानी मुंबईला आले. बॅरिस्टर होतचंद अडवाणी यांच्या साथीने त्यांनी वांद्र्याचे नॅशनल कॉलेज आणि चर्चगेटचे के. सी. कॉलेज उभे केले. त्याच मंडळाने १९६० च्या दशकात उल्हासनगरला चांदीबाई हिंमतमल मनसुखानी महाविद्यालय काढले. सगळे गाव त्याला सीएचएम म्हणून ओळखते. एका अर्थाने हे विद्यापीठाकडे परतणेच होते.

मागे काय राहिले, याची यादी घर, दुकान, शेत यांच्यापाशी थांबते. खेळाची आठवणही मागे राहिली. १९३२ मध्ये लॉर्ड्सवर भारताची पहिली कसोटी झाली तेव्हा सलामीला दोघे उतरले होते. एक पुण्याकडचे जनार्दन नवले, दुसरे कराचीचे नाऊमल जेऊमल. कराचीत जन्मलेल्या गोगुमल किशनचंद यांच्या गोलंदाजीवर १९४७ मध्ये डॉन ब्रॅडमन यांनी प्रथम श्रेणीतले आपले शंभरावे शतक पूर्ण केले. कसोटी खेळाडूंची नावे टिकतात, सीमेपलीकडेही टिकतात. पण सिंधच्या महाविद्यालयांतून खेळलेल्या शेकडो तरुणांचे काय? त्यांचे चषक ज्या कपाटांत होते ती कपाटे एका देशात आणि ती मुले दुसऱ्या देशात. संघ आणि त्याची नोंद यांची ताटातूट झाली की काय होते, याचे इतके ठसठशीत उदाहरण दुसरे नसेल. उल्हासनगरच्या कॉलेजांना तरी क्रीडानोंदीचे महत्त्व वेगळे शिकवावे लागू नये.

सॉफ्टबॉलचा जन्मही १८८७ चाच. त्या वर्षी २४ नोव्हेंबरला शिकागोच्या फॅरागट बोट क्लबात काही तरुण येल आणि हार्वर्ड या विद्यापीठांच्या फुटबॉल सामन्याचा निकाल तारेने येण्याची वाट पाहत होते. येल जिंकल्याचे कळताच त्यांच्या एका समर्थकाने आनंदाच्या भरात बॉक्सिंगचा हातमोजा हार्वर्डच्या समर्थकाकडे भिरकावला आणि त्याने तो काठीने टोलवला. जॉर्ज हॅनकॉक नावाच्या पत्रकाराने हातमोजा दोरीने बांधून त्याचा चेंडू केला, खोलीच्या फरशीवर खडूने रेषा मारल्या आणि खेळ सुरू झाला. कॉलेजच्या सामन्याच्या निमित्ताने, बंद खोलीत, हाताशी असेल त्या सामानाने जन्मलेला हा खेळ आहे. सामानाची आणि जागेची टंचाई त्याच्या कुंडलीतच आहे म्हणा ना.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बेसबॉलचा हा धाकटा भाऊ. दोन बेसमधले अंतर बेसबॉलमध्ये ९० फूट, इथे ६०. डाव नऊऐवजी सात. चेंडूचा परीघ १२ इंच. चेंडू खांद्याखालून, हात गोलाकार फिरवून टाकायचा. नावातल्या ‘सॉफ्ट’वर जाऊ नये, चेंडू चांगलाच टणक असतो. महिलांच्या सामन्यात पिचर ४३ फुटांवरून चेंडू फेकते, त्यामुळे बॅटरला विचार करायला अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ मिळतो. क्रिकेटचे पूर्ण मैदान मिळणे दुरापास्त असलेल्या कॉलेजला हा खेळ परवडतो, हे महाराष्ट्रातल्या अनेक शाळा-कॉलेजांनी अनुभवाने जाणले आहे.

उल्हासनगर शहराचे क्षेत्रफळ सुमारे १३ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेनुसार त्यात ५ लाखांहून अधिक माणसे राहत होती. अंबरनाथमध्ये अडीच लाख, बदलापुरात पावणेदोन लाख, आणि ही दोन्ही गावे तेव्हापासून वाढतच आहेत. अशा ठिकाणी मैदानाचा एखादा तुकडा मोकळा राहणे हीच क्रीडाक्षेत्रातली मोठी कामगिरी. तिथे सॉफ्टबॉलचा संघ उभा राहतो तेव्हा दहावा, अकरावा, बारावा खेळाडू मिळवणे ही पिचर मिळवण्याइतकीच कठीण गोष्ट असते. मुलींच्या संघात तर अधिकच. सरावानंतर घरी परतायची लोकल, घरातली कामे, आणि दुसऱ्या वर्षाला ठरलेले लग्न. इथे प्रत्येक पूर्ण संघ हाच एक विक्रम असतो.

आणि इथेच क्रिकेटकडून उसनी घेतलेली मोजपट्टी कुचकामी ठरते. क्रिकेटमध्ये कॉलेजचा खेळाडू मोठा होता की नाही, हे पुढे भारतीय संघाची टोपी ठरवते. एल्फिन्स्टनला वाडेकरांचे मोठेपण सिद्ध करण्याचे कष्ट पडले नाहीत, ते काम पोर्ट ऑफ स्पेन आणि ओव्हलने केले. सॉफ्टबॉलमध्ये पुढची पायरी जवळजवळ अदृश्य आहे. आंतरविद्यापीठ स्पर्धा होतात, राष्ट्रीय स्पर्धा होतात, भारताचा संघही परदेशी जातो, पण दूरदर्शनवर ते कुणी पाहत नाही आणि वर्तमानपत्रात त्याच्या वाट्याला चार ओळी येतात. एखादे कॉलेज आपला इतिहास लिहिण्यासाठी कुणीतरी प्रसिद्ध होण्याची वाट पाहत बसले, तर ते काहीच लिहिणार नाही. बाहेरच्या कीर्तीने शिक्कामोर्तब होण्याची सोय नसलेल्या खेळात उत्तम खेळाडू कोण, हे ठरवण्याचा अधिकार आणि जबाबदारी दोन्ही कॉलेजचीच.

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात वाहू नावाचे एक लहानसे गाव आहे. तिथे १९६५ मध्ये जॉन एफ. केनेडी कॉलेज सुरू झाले. १९६९ मध्ये महिला महाविद्यालयीन सॉफ्टबॉलची पहिली मोठी राष्ट्रीय स्पर्धा भरली आणि ती या कॉलेजच्या मुलींनी जिंकली. १९७० मध्येही त्यांनीच जिंकली, १९७१ मध्येही. १९७५ मध्ये कॉलेज कायमचे बंद पडले. अवघे दहा वर्षांचे आयुष्य.

त्या देशात १९७२ साली शिक्षणसंस्थांतला लिंगभेद रोखणारा कायदा झाला. त्यानंतर मुलींच्या खेळांना निधी मिळू लागला. विद्यापीठांच्या सर्वांत बलाढ्य क्रीडासंघटनेने महिला सॉफ्टबॉलचे पहिले अजिंक्यपद भरवले ते १९८२ मध्ये आणि जिंकले लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने. त्याच विद्यापीठाची लिसा फर्नांडिस पुढे तीन ऑलिंपिक सुवर्णपदकांची मानकरी झाली. तिचा १६ क्रमांकाचा सदरा विद्यापीठाने निवृत्त केला, म्हणजे तो क्रमांक पुन्हा कुणाला दिला जाणार नाही. गौरवाचा हा थाट देखणाच. पण अधिकृत इतिहास १९८२ पासून मोजायचे ठरवले असते, तर वाहूच्या मुली त्यातून पुसल्या गेल्या असत्या. त्या पुसल्या गेल्या नाहीत, कारण आधीच्या स्पर्धांच्या नोंदी ठेवणारी माणसे होती. कॉलेज नाही, इमारतीत वर्ग भरत नाहीत, तरी १९६९, १९७० आणि १९७१ या तीन वर्षांपुढे त्या गावाचे नाव लिहिलेले आहे. फर्नांडिसच्या सदऱ्यापेक्षा बदलापूरच्या कॉलेजला वाहूची गोष्ट अधिक उपयोगाची आहे.

भारतातही सॉफ्टबॉलच्या कडेने एक मोठा इतिहास घडला आणि त्याचे पहिले मोठे पाऊल महाराष्ट्रात पडले. लखनौचे महेंद्रकुमार शर्मा हे मुलींसाठी सॉफ्टबॉल आणि हँडबॉलच्या स्पर्धा भरवत असत. खेळणाऱ्या मुलींना क्रिकेटही हवे आहे, हे त्यांच्या लक्षात आले. १९७३ मध्ये त्यांनी भारतीय महिला क्रिकेट संघटना नोंदवली. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये पुण्यात महिलांची पहिली राष्ट्रीय क्रिकेट स्पर्धा झाली. संघ किती? मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश, एवढे तीनच. वर्षअखेरीला वाराणसीत दुसरी स्पर्धा झाली तेव्हा ते आठ झाले होते. १९७६ मध्ये भारतीय महिला पहिली कसोटी मालिका खेळल्या आणि शांता रंगास्वामी यांच्या नेतृत्वाखाली पाटण्यात पहिला विजयही मिळाला. त्या मालिकेत पुण्याच्या शुभांगी कुलकर्णी होत्या, तेव्हा अवघ्या १७ वर्षांच्या, म्हणजे कॉलेजच्या उंबरठ्यावरच्या. मुंबईच्या डायना एडलजी होत्या. २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या मानवंदना यादीत त्यांचा समावेश झाला.

या दोघींची नावे घेणे सोपे आहे. अवघड आहे ते पुण्यातल्या त्या तीन संघांतल्या प्रत्येक मुलीचे नाव सांगणे. त्यांतल्या अनेकींनी एकच हंगाम खेळला असेल. पण तिसरा संघ आला नसता तर स्पर्धेला राष्ट्रीय म्हणायचे धाडस कुणी केले असते? इतिहासाला संख्याबळ पुरवणारी ही माणसे असतात आणि गौरवसमारंभात त्यांना बोलावणे जात नाही.

इथे एक रास्त आक्षेप येतो. प्रत्येकाचे नाव लिहायचे तर गौरव कसला? शंभरांच्या यादीत श्रेष्ठ कोण हे कळणार कसे? आक्षेपात तथ्य आहे. गुणवत्तेचा भेद पुसून टाकणे हा खेळाशीच द्रोह होईल. ज्या पिचरने हंगामभर संघाला तारले तिचे नाव ठळक अक्षरांत हवेच. मात्र ठळक अक्षरांना अर्थ येतो तो साध्या अक्षरांमुळे. ३२७ चे मोल कळायला आधीचे ३२४ नोंदलेले असावे लागतात. समोरच्या संघाच्या धावा, सामन्याची तारीख, मैदान, कोण जखमी होते, कोण आयत्या वेळी आले, हे नसेल तर ‘उत्कृष्ट खेळाडू’ ही पदवी निव्वळ शिफारसपत्रातले विशेषण ठरते. सध्या बहुतेक ठिकाणी घडते ते असे: वार्षिक अंकात कप हातात घेतलेल्या संघाचे एक धूसर छायाचित्र, खाली फक्त प्राचार्य आणि प्रमुख पाहुण्यांची नावे. खेळाडूंसाठी ‘विजयी संघ’ हे दोन शब्द. ही चेष्टा आहे.

भावनेचा भाग सोडून द्यावा आणि रोकडा विचार करावा, तरी उत्तर तेच येते. महाराष्ट्र शासनाने २००५ पासून सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण ठेवले आहे. त्यासाठी क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी होते आणि गेल्या काही वर्षांत बनावट प्रमाणपत्रांची प्रकरणे उघड झाल्यापासून ती कसोशीने होते. पडताळणी म्हणजे काय? स्पर्धा खरोखर झाली का, संघ उतरला का, ही व्यक्ती संघात होती का. खोट्या खेळाडूला बनावट शिक्का मिळतो आणि खऱ्या खेळाडूकडे धावपत्रिकाच नसते, अशी वेळ आली तर दोष कुणाचा? अंबरनाथच्या चाळीतून येऊन पाच वर्षे कॅचर म्हणून गुडघे झिजवलेल्या मुलीसाठी कॉलेजच्या कपाटातला एक जुना कागद म्हणजे स्मरणरंजन नसते. तिच्या अर्जाला जोडायचा तो पुरावा असतो.

अंबरनाथचेच उदाहरण घ्यावे. तिथल्या शिवमंदिराचे वय वाद न घालता सांगता येते, कारण शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, हा काळ देणारा शिलालेख तिथे मिळाला. शिलाहार राजा मम्वाणीचे नाव त्यामुळे टिकले. दगड घडवणाऱ्यांची नावे गेली. साडेनऊशे वर्षांपूर्वीच्या कारागिरांसाठी आता काही करता येणार नाही. दहा, वीस, तीस वर्षांपूर्वीच्या संघांसाठी मात्र करता येण्यासारखे पुष्कळ आहे. ती माणसे हयात आहेत, बहुतेक याच रेल्वेमार्गावर कुठेतरी राहतात.

इतिहासाची आवड असलेल्या तरुणांनी गड-किल्ल्यांवरचे शिलालेख वाचायला शिकावे, हे उत्तमच. त्याच चिकाटीने आपल्या कॉलेजच्या जिमखान्यातली एक दुपार खर्च करायला हरकत नाही. निवृत्त शारीरिक शिक्षण संचालकांच्या घरी जुन्या डायऱ्या असतात. मैदान आखणाऱ्या शिपायाला कोणत्या वर्षी कोणता संघ भांडखोर होता ते आठवते. माजी खेळाडूंच्या ट्रंकेत प्रमाणपत्रे, ओळखपत्रे, प्रवासभत्त्याच्या पावत्या सापडतात. प्रवासभत्त्याची पावती हे तर फार विश्वासार्ह साधन. सामना कुठे झाला, कितीजण गेले आणि परत कधी आले, हे ती बिनचूक सांगते, आणि तिच्यावर खोटे लिहायचे कुणाला कारण नसते. चषकाच्या तळाशी कोरलेले वर्ष आणि वार्षिक अंकातले वर्ष जुळले नाही, तर खुशाल समजावे की संशोधन सुरू झाले. महिला खेळाडूंची आडनावे लग्नानंतर बदललेली असतील, तेव्हा शोध माहेरच्या नावाने करावा लागेल आणि यादीत दोन्ही नावे लिहावी लागतील.

लॉस एंजेलिसच्या २०२८ च्या ऑलिंपिकमध्ये सॉफ्टबॉल परत येत आहे. त्या वेळी चार दिवस या खेळाबद्दल बरेच बोलले जाईल आणि आपल्याकडे हा खेळ कोण खेळत होते, असा प्रश्न एखादा वार्ताहर विचारील. तोवर यादी तयार असलेली बरी. त्या यादीत प्रत्येक हंगामापुढे नऊ खेळाडूंच्या नावांनंतर राखीव खेळाडूंसाठी रकाना असावा. त्याच्या शेजारी प्रशिक्षकाचा. त्याच्याही शेजारी मैदान राखणाऱ्याचा.